छत्तीस अंशांतले सोने

'लीलावती'च्या भूमितीच्या भागात भास्कराचार्य सात संख्या देतात. वर्तुळाचा व्यास १,२०,००० मानला, तर त्यात नेमक्या बसणाऱ्या समभुज त्रिकोणाची बाजू १,०३,९२३, चौरसाची ८४,८५३, सुसम पंचकोनाची ७०,५३४, षट्कोनाची ६०,०००, सप्तकोनाची ५२,०५५, अष्टकोनाची ४५,९२२ आणि नवकोनाची ४१,०३१. व्यास दुसरा कितीही असला, तरी त्रैराशिक मांडले की उत्तर मिळते.

आज हे आकडे तपासायला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. १८० अंशांना बाजूंच्या संख्येने भागायचे, येणाऱ्या कोनाची साइन काढायची आणि तिला १,२०,००० ने गुणायचे. त्रिकोण, चौरस, पंचकोन, षट्कोन आणि अष्टकोन या पाचही ठिकाणी भास्कराचार्यांचे उत्तर जवळच्या पूर्णांकापर्यंत तंतोतंत जुळते. सप्तकोनासाठी मात्र कॅल्क्युलेटर ५२,०६६ दाखवतो आणि नवकोनासाठी ४१,०४२. दोन्हीकडे 'लीलावती'तला आकडा अकराने कमी आहे.

बावन्न हजारांत अकरा ही फार बारीक चूक. सुताराला किंवा गवंड्याला ती जाणवणारही नाही. पण पाच ठिकाणी शेवटच्या अंकापर्यंत अचूक असलेला गणिती नेमका सातवर आणि नऊवरच का अडतो, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पंचकोन आणि सप्तकोन चित्रात पाहिले, तर दोघांत अवघड काय आणि सोपे काय हे ओळखता येत नाही. तरीही एकाची बाजू वर्गमुळांनी अचूक सांगता येते, दुसऱ्याची येत नाही. यामागचे कारण पूर्णपणे समजायला 'लीलावती'नंतर जवळजवळ सातशे वर्षे लागली. त्या कारणाकडे जाणारी वाट सुवर्ण गुणोत्तरातून जाते.

आधी शाळेतला तक्ता आठवू. ०, ३०, ४५, ६० आणि ९० अंशांच्या साइन आपण पाठ करतो. ०, १, २, ३, ४ या अंकांची वर्गमुळे घ्यायची आणि प्रत्येकाला २ ने भागायचे, ही युक्ती बहुतेक शिक्षक सांगतात. या किमती येतात दोन आकृत्यांमधून. चौरस कर्णावर कापला की ४५ अंश मिळतात, समभुज त्रिकोण मधोमध कापला की ३० आणि ६०. म्हणजे तीन बाजूंची आकृती झाली, चार बाजूंची झाली. यापुढे पाच बाजूंची आकृती यायला हवी. तिथेच तक्ता थांबतो आणि मुलांच्या मनात पक्के बसते की उरलेले सगळे कोन कॅल्क्युलेटरच्या स्वाधीन आहेत. माझ्या मते शालेय त्रिकोणमितीतली ही सर्वांत मोठी उणीव आहे, कारण तक्त्याच्या पुढच्याच पायरीवर गणितातला एक अत्यंत सुंदर आकडा आहे.

त्या आकड्याकडे जायला एक कागदाची पट्टी घ्या. वहीच्या पानाची, इंचभर रुंद आणि लांब. तिला साधी एक गाठ मारा, दोरीला मारतो तशी, आणि हलक्या हाताने ओढत, चुरगळू न देता, सपाट दाबून घ्या. बाहेर डोकावणारी दोन टोके सोडली तर मधला आकार नेमका सुसम पंचकोन असतो. आता एक मोकळे टोक परत गाठीवर दुमडा आणि उजेडासमोर धरा. कागदाच्या कडा आतून दिसतात आणि त्यांतून पाच टोकांची चांदणी उमटते. त्या कडा म्हणजे पंचकोनाचे कर्ण.

चांदणीचे एक टोक निरखून पाहा. पंचकोनाचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा. एका शिरोबिंदूतून निघणारे दोन कर्ण त्याचे तीन सारखे भाग करतात आणि प्रत्येक भाग ३६ अंशांचा होतो. हे दोन कर्ण आणि समोरची बाजू मिळून एक उंच, निमुळता समद्विभुज त्रिकोण तयार होतो. त्याचा माथ्याचा कोन ३६ अंश आणि पायाचे दोन्ही कोन ७२-७२ अंश. पायाचा कोन माथ्याच्या बरोबर दुप्पट. या प्रकरणातली सगळी संपत्ती या एका त्रिकोणात आहे, म्हणून त्याच्याजवळ जरा थांबू. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर उत्तम.

त्रिकोणाला अबक म्हणू. माथा अ, पाया बक. पायाची लांबी १ धरू आणि अब, अक या दोन लांब बाजूंची लांबी क्ष. आता ब या कोनाचा दुभाजक काढा. तो समोरच्या अक बाजूला ड या बिंदूत भेटेल. ७२ चे दोन भाग झाले, ३६ आणि ३६.

खालचा लहान त्रिकोण बकड पाहा. ब पाशी ३६, क पाशी ७२, म्हणून ड पाशीही ७२. तो समद्विभुज आहे, म्हणून बड ची लांबी पायाइतकीच, म्हणजे १. वरचा त्रिकोण अबड पाहा. अ पाशी ३६ आणि ब पाशीही ३६. तोही समद्विभुज, म्हणून अड ची लांबी बड इतकी, म्हणजे पुन्हा १. अक ची पूर्ण लांबी क्ष होती. त्यातले १ अड ने घेतले, तेव्हा डक साठी उरले क्ष − १.

आता शेवटची पायरी. लहान त्रिकोण बकड चे कोन ३६, ७२, ७२ आहेत. मोठ्या त्रिकोणाचेही तेच. दोघे समरूप. म्हणून मोठ्यात लांब बाजूचे पायाशी जे गुणोत्तर, तेच लहानात. मोठ्यात ते क्ष : १ आहे आणि लहानात १ : (क्ष − १). तिरकस गुणाकार केला की मिळते

क्ष² − क्ष − १ = ०

आणि या वर्गसमीकरणाचे धन उत्तर आहे (१ + √५)/२, म्हणजे १.६१८०३३९८८७... हेच सुवर्ण गुणोत्तर. गणितात त्याला 'फाय' म्हणतात.

ड या बिंदूने अक बाजूचे काय केले तेही पाहून घ्या. पूर्ण बाजूचे मोठ्या तुकड्याशी जे नाते आहे, तेच मोठ्या तुकड्याचे लहान तुकड्याशी आहे. युक्लिडने आपल्या सहाव्या ग्रंथाच्या आरंभी दिलेली व्याख्या हीच. तिथे 'सुवर्ण' हे विशेषण नव्हते. ते छापील पुस्तकात पहिल्यांदा दिसते १८३५ मध्ये, मार्टिन ओम या जर्मन गणितज्ञाच्या पाठ्यपुस्तकात. आपला उंच त्रिकोण मात्र युक्लिडला चांगलाच ठाऊक होता. चौथ्या ग्रंथाच्या दहाव्या प्रमेयात तो पायाचे कोन माथ्याच्या दुप्पट असलेला त्रिकोण काढून दाखवतो आणि लगेच पुढच्या प्रमेयात त्याच्या आधारे वर्तुळात पंचकोन बसवतो.

आता त्रिकोणमिती. माथ्यापासून पायावर लंब टाका. ३६ अंशांचा कोन दुभंगून १८ अंशांचा होतो, समोर अर्धा पाया येतो आणि कर्ण क्ष. म्हणून साइन १८° = १/(२ × फाय). सोपे रूप दिले की

साइन १८° = (√५ − १)/४

मग वरच्या अबड या त्रिकोणात ड पासून अब वर लंब टाका. कर्ण १, लगतची बाजू क्ष ची निम्मी, कोन ३६ अंश. म्हणून

कोसाइन ३६° = (√५ + १)/४

म्हणजे कोसाइन ३६° ची दुप्पट घ्या, तुमच्या हाती सुवर्ण गुणोत्तर येते. दशांशांत या दोन किमती ०.३०९०... आणि ०.८०९०... अशा आहेत. त्यांची वजाबाकी बरोबर १/२ आणि गुणाकार बरोबर १/४. दोन अपरिमेय संख्या, न संपणारे दशांश, आणि त्यांच्या वजाबाकीतून व गुणाकारातून इतक्या स्वच्छ संख्या निघाव्यात, याचा आनंद मला प्रत्येक वेळी नव्याने होतो.

सुवर्ण गुणोत्तराचा जो गुण सगळीकडे कौतुकाने सांगितला जातो, की त्याचा वर्ग केला तर ते फक्त १ ने वाढते, तोही याच चौकटीत सहज बसतो. दुप्पट कोनाचे सूत्र सांगते की कोसाइन ७२° ची दुप्पट म्हणजे कोसाइन ३६° च्या दुपटीचा वर्ग, उणे २. डावीकडे येते ०.६१८..., म्हणजे फाय उणे १. उजवीकडे फायचा वर्ग उणे २. दोन्ही बाजूंत २ मिळवा, तो गुण समोर उभा राहतो. ३६ चे ७२ होणे आणि फायचे फाय अधिक १ होणे ही एकाच घटनेची दोन वर्णने आहेत.

हे सगळे केवळ सौंदर्यासाठी नव्हते. आकाशातल्या ग्रहांची स्थाने काढायला प्राचीन ज्योतिषांना जीवांची कोष्टके लागत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने 'अल्माजेस्ट' लिहिला. त्याच्या पहिल्याच भागात वर्तुळाच्या जीवांचे कोष्टक आहे, अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या अंतराने. ते तयार करताना तो सुरुवात करतो दशकोनाच्या आणि पंचकोनाच्या बाजूपासून. त्रिज्या ६० धरून ३६ अंशांची जीवा तो ३७ पूर्ण, ४ साठांश आणि ५५ छत्तीसशेअंश अशी देतो. ६० ला ०.६१८०३४ ने गुणून पाहा, १/३६०० च्या सूक्ष्मतेपर्यंत ती बरोबर आहे. पंचकोनाची ७२ अंशांची जीवा मिळाली, षट्कोनाची ६० अंशांची होतीच. दोहोंच्या फरकातून १२ अंशांची, मग अर्धे करत ६, ३, दीड आणि पाऊण. टॉलेमीचे सारे कोष्टक या पायावर उभे आहे.

भारतीय परंपरेने पूर्ण जीवेऐवजी अर्धी जीवा घेतली, तिलाच ज्या म्हटले, आणि आजची साइन तिच्यापासूनच आली. आर्यभटापासून चालत आलेल्या कोष्टकांत २२५ कलांच्या, म्हणजे पावणेचार अंशांच्या अंतराने २४ ज्या असत. भास्कराचार्यांना तेवढ्यावर समाधान नव्हते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इसवी सन ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' पुरा केला. त्याच्या 'गोलाध्याया'त 'ज्योत्पत्ति' नावाचा छोटा भाग आहे. ज्या कशा उत्पन्न करायच्या, एवढाच त्याचा विषय. भारतीय गणिताच्या चाहत्यांनी 'लीलावती'तल्या भुंग्यांच्या आणि हंसांच्या उदाहरणांवर जेवढे प्रेम केले, त्याचा थोडा तरी वाटा या भागाला मिळायला हवा होता.

अठरा अंशांच्या ज्येची तिथली रीत अशी: त्रिज्येच्या वर्गाची पाचपट करा, तिचे वर्गमूळ काढा, त्यातून त्रिज्या वजा करा आणि बाकीला चारने भागा. त्रिज्या १ मानली की हे आपले (√५ − १)/४ च झाले. छत्तीस अंशांसाठीही अचूक रीत आहे. आजच्या चिन्हांत ती (५ − √५)/८ या संख्येचे वर्गमूळ अशी लिहिता येते. वर्गमुळात वर्गमूळ असल्यामुळे हाताने आकडेमोड करणाऱ्याला ती जड जाईल, हे ओळखून भास्कराचार्य लगेच एक व्यवहारी पर्याय देतात: त्रिज्येला ५,८७८ ने गुणा आणि दहा हजारांनी भागा. खरी किंमत ०.५८७७८५... आहे. चार दशांश स्थळांपर्यंत यापेक्षा चांगला आकडा कुणालाच देता येणार नाही. आता 'लीलावती'तला पंचकोन परत पाहा. व्यास १,२०,००० असताना त्याची बाजू ७०,५३४ आली, ती याच अचूक रीतीच्या बळावर येऊ शकते. ५,८७८ चा सुटसुटीत आकडा वापरला असता तर ७०,५३६ आली असती.

सुवर्ण गुणोत्तर हे नाव भास्कराचार्यांनी घेतलेले नाही, वेगळी राशी म्हणूनही त्यांनी ते मांडलेले नाही. त्यांना ज्या हवी होती आणि ती काढताना पाचाचे वर्गमूळ आपसूक आले. त्यांचेच समकालीन, गुजरातमधले जैन आचार्य हेमचंद्र छंदांचा विचार करत होते. लघू आणि गुरू अक्षरे वापरून ठरावीक मात्रांचे किती प्रकार होतात हे मोजताना मागच्या दोन संख्यांची बेरीज करावी असा नियम त्यांनी सांगितला: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४... त्यांच्याही आधी विरहांकाने तो ओळखला होता. या मालिकेत शेजारच्या संख्यांचे गुणोत्तर काढत पुढे गेलो की ते कोसाइन ३६° च्या दुपटीकडे सरकत जाते. आकाश मोजणारा आणि छंद मोजणारा, दोघेही एकाच शतकात, एकाच आकड्याच्या परिसरात वावरत होते.

भास्कराचार्यांच्या या कामाची परंपरा आपल्या मुलखात जपली गेली, याचा शिलालेखी पुरावा आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथला शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. यादव राजा सिंघणाच्या दरबारातले ज्योतिषी चांगदेव हे भास्कराचार्यांचे नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी तिथे मठ स्थापन केला आणि त्याला दान मिळाले, असे हा लेख सांगतो. दानाचा तपशील देणारा त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे. पाटणादेवीला जाणाऱ्या प्रत्येकाने हे माहीत करून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

'ज्योत्पत्ति'त पुढे दोन कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ज्या काढण्याची रीत आहे. अकरावीत आपण साइन (अ + ब) आणि साइन (अ − ब) ची सूत्रे शिकतो, तीच ही. भास्कराचार्य तिला भावना म्हणतात. ती हातात आली की खेळ सुरू होतो. ४५ मधून ३० वजा केले की १५. १८ मधून १५ वजा केले की ३. पंचकोनाचे १८ आणि जुन्या तक्त्यातले १५ यांच्यामधून तीन अंश मिळाले, आणि तीन अंश मिळाले की ६, ९, १२, १५ असे तीनच्या पाढ्यातले सगळे कोन ९० पर्यंत मिळतात. तक्त्यात शून्य धरून पाच कोन होते, आता अचूक किमतींचे एकतीस झाले. साइन ३° ची किंमत लिहायची तर (√६ + √२)(√५ − १) मधून २(√३ − १)√(५ + √५) वजा करून बाकीला १६ ने भागावे लागते. रूप लांबलचक आहे, पण त्यात अंदाज कुठेही नाही. वर्गमुळांशिवाय दुसरे काही वापरलेले नाही.

मग एक अंश? तीन अंशांचा तिसरा हिस्सा. इथे भास्कराचार्य रीत बदलतात आणि आसन्न किमतीकडे वळतात. एक अंशाने पुढे जायचे असेल तर ज्येतून तिचा ६,५६९ वा भाग वजा करा आणि कोटिज्येला, म्हणजे आजच्या कोसाइनला, १० ने गुणून ५७३ ने भागून येईल ते मिळवा. १०/५७३ म्हणजे ०.०१७४५२०..., आणि साइन १° आहे ०.०१७४५२४... आसन्न म्हटले तरी सहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर. पण अचूक नाही, आणि हे भास्कराचार्यांना पुरते माहीत होते; म्हणूनच १८ आणि ३६ साठी एक प्रकारचा नियम आहे आणि १ साठी दुसऱ्या प्रकारचा.

समरकंदमध्ये पंधराव्या शतकाच्या आरंभी अल-काशी याच एका अंशाच्या मागे लागला. तीन अंशांची साइन पंचकोनामुळे हवी तेवढी सूक्ष्म काढता येत होती. साइन १° ची तिप्पट, उणे तिच्या घनाची चौपट, म्हणजे साइन ३°. हे घन समीकरण त्याने पायरीपायरीने उत्तर सुधारत सोडवले आणि सोळा दशांश स्थळांपर्यंत किंमत मिळवली. पण अचूक बंदिस्त रूप त्यालाही मिळाले नाही. वर्गमुळांनी ते मिळणे शक्यच नव्हते.

का शक्य नव्हते, हे आता सांगता येते. पंचकोनाच्या कोसाइन ७२° ची दुप्पट क्ष² + क्ष − १ = ० या समीकरणात बसते. घात दोन. सप्तकोनासाठी असेच समीकरण काढले तर येते क्ष³ + क्ष² − २क्ष − १ = ०, आणि नवकोनासाठी क्ष³ − ३क्ष + १ = ०. दोन्हीकडे घात तीन, आणि ही समीकरणे लहान घाताच्या तुकड्यांत फुटत नाहीत. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढीच साधने असतील, तर मिळणाऱ्या संख्येच्या न फुटणाऱ्या समीकरणाचा घात १, २, ४, ८, १६ असाच असू शकतो, कारण प्रत्येक नवे वर्गमूळ घात फार तर दुप्पट करते. दुपटीच्या या ओळीत ३ कधीच येत नाही. म्हणून सप्तकोन नाही, नवकोन नाही आणि एक अंशही नाही. पूर्ण अंशांत बोलायचे तर वर्गमुळांची सत्ता तीनच्या पाढ्यापुरती. पिएर वांत्झेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये हे सिद्ध केले.

पट्टी आणि कंपास यांनी जे काढता येते तेही एवढेच, कारण रेषा आणि वर्तुळ एकमेकांना छेदतात तेव्हा वर्गसमीकरणच सोडवले जाते. बाजूंची संख्या मूळ संख्या असेल तर तिच्यातून १ वजा करून निम्मे करा, समीकरणाचा घात मिळतो. ५ साठी २, ७ साठी ३, ११ साठी ५, १३ साठी ६, आणि १७ साठी ८. आठ ही दुपटीच्या ओळीतली संख्या आहे. १७९६ च्या मार्चअखेर, वयाची एकोणीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, गाउसला हे उमगले आणि सतरा बाजूंची आकृती पट्टी-कंपासच्या आवाक्यात आली. युक्लिडनंतर दोन हजार वर्षे या यादीत भर पडली नव्हती.

तेव्हा सप्तकोनासाठी आणि नवकोनासाठी भास्कराचार्यांसमोर अचूक वाटच नव्हती. आसन्न रीतच वापरायला हवी होती आणि आसन्न रीतीत अकराचा फरक राहू शकतो. पंचकोनाला वाट होती, कारण त्याचे समीकरण वर्गसमीकरण आहे. आणि त्या वर्गसमीकरणाचे उत्तर म्हणजेच सुवर्ण गुणोत्तर.

या आकड्याबद्दल जे बाहेर सांगितले जाते त्यातले बरेचसे मी या प्रकरणात जाणूनबुजून घेतलेले नाही. पार्थेनॉनच्या दर्शनी भागावर आयत काढून दाखवतात. पण बांधणाऱ्यांनी हे गुणोत्तर योजले होते असा लेखी पुरावा नाही. नॉटिलसच्या शिंपल्याचे चित्र तर पुस्तकांच्या मुखपृष्ठावर असते. तो शिंपला एका वेढ्यात साधारण तिप्पट रुंदावतो, फायवर बेतलेल्या सुवर्ण सर्पिलाला जवळजवळ सातपट रुंदावावे लागेल. अशा दाव्यांमुळे नुकसान होते ते मूळ गणिताचे. वाचकाला वाटते की हा आकडा श्रद्धेचा विषय आहे, आणि ज्या त्रिकोणात तो पाच ओळींत सिद्ध होतो त्या त्रिकोणाकडे कुणी पाहत नाही.

खरे दाखले पंचकोनाच्या घराण्यातच सापडतात. १९७४ मध्ये रॉजर पेनरोज यांनी फरशीचे असे दोन प्रकार मांडले की त्यांनी सगळे प्रतल भरते, पण नक्षीची पुनरावृत्ती होत नाही. त्यांतल्या समभुज चौकोनांच्या जोडीत जाड फरशीचा लहान कोन ७२ अंशांचा आणि बारीक फरशीचा ३६ अंशांचा. बाजू सारख्याच असल्याने क्षेत्रफळांचे गुणोत्तर साइन ७२° भागिले साइन ३६°, म्हणजे कोसाइन ३६° ची दुप्पट, म्हणजे फाय. मोठ्या नक्षीत जाड आणि बारीक फरशांच्या संख्यांचे गुणोत्तरही फायकडेच जाते. नक्षी जर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असती, तर हे गुणोत्तर दोन पूर्णांकांचे असते. फाय अपरिमेय आहे, म्हणून पुनरावृत्ती अशक्य. घन पदार्थातही हेच घराणे सापडले: १९८२ मध्ये डॅन शेख्टमन यांना ॲल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत दहा दिशांची सममिती असलेली विवर्तनाची नक्षी दिसली. स्फटिकशास्त्राच्या तेव्हाच्या नियमांत ती बसत नव्हती. २०११ मध्ये त्यांना याच शोधासाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सूर्यफुलाचा दाखलाही खरा आहे. त्याच्या बिया एकामागून एक सुमारे १३७.५ अंशांचे वळण घेत येतात. ३६० ला फायच्या वर्गाने भागले की हा कोन मिळतो. पण या कोनाची कोसाइन काढायला गेलात, तर ती कुठल्याच मुळांनी लिहिता येत नाही. ती बीजातीत संख्या आहे: पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही समीकरणाचे ती उत्तर नसते. १९३४ मध्ये गेलफाँड आणि श्नायडर यांनी सिद्ध केलेल्या प्रमेयातून हे निघते. फाय किंमत म्हणून येतो तेव्हा एक वर्गमूळ पुरते. तोच वर्तुळाचा भाग करणारा कोन म्हणून आला की सगळी बीजगणिती साधने संपतात.

दहावीला गणित शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वर्गसमीकरणे, समरूपता आणि त्रिकोणमिती हे तिन्ही विषय त्याच वर्षात येतात आणि मुलांना ते तीन वेगळ्या गावांसारखे वाटतात. ३६-७२-७२ चा त्रिकोण फळ्यावर काढला तर एका तासिकेत तिन्ही एकत्र येतात. वर दिलेल्या सिद्धतेत अभ्यासक्रमाबाहेरचे काहीही नाही. तो तास संपताना तक्त्यात चार ओळी वाढवा: साइन १८° = (√५ − १)/४, साइन ३६° = √(१० − २√५)/४, साइन ५४° = (√५ + १)/४, साइन ७२° = √(१० + २√५)/४. शेजारी 'भास्कराचार्य, ११५०' असे लिहा, आणि तीच मुले अकरावीत कोनांच्या वजाबाकीचे सूत्र शिकतील तेव्हा साइन ३° त्यांनाच काढू द्या.